हरणाऱ्या कोंबड्याला पळायला वाट

परसात कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी एक हिशेब सोडवावा लागतो. पिल्ले निघतात तेव्हा त्यांतली साधारण निम्मी नर असतात आणि कळपाला मात्र आठ ते दहा माद्यांमागे एकच नर पुरतो. पिल्ले लहान असेपर्यंत ही तफावत कोणाच्या लक्षात येत नाही. तुरे लाल होऊ लागले की ती रोज समोर उभी राहते. आमच्या कळपात एक थोरला कोंबडा आणि डझनभर कोंबड्या होत्या. त्यांतली एक खुडूक बसली, तिने उबवलेल्या पिल्लांपैकी चार नर वाढले, आणि त्यानंतर बराच काळ त्या पाच नरांमध्ये शांतता कशी राखावी हाच माझ्या दिनक्रमाचा मोठा भाग होऊन बसला. त्या काळात जे पाहिले, जे करून बघितले आणि ज्याचा उपयोग झाला, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

पिल्ले काही आठवड्यांची झाली की समोरासमोर उभी राहून माना ताणतात, एकमेकांच्या छातीवर उडी घेतात आणि दुसऱ्याच क्षणी काही घडलेच नाही अशा रीतीने दाणे टिपू लागतात. नरही हे करतात आणि माद्याही करतात. या लुटुपुटीच्या भांडणांतून कळपाची उतरंड ठरत जाते, म्हणजे दाण्यावर आधी कोणी यायचे, रात्री वरच्या दांडीवर कोणी बसायचे आणि वाटेत गाठ पडल्यावर बाजूला कोणी व्हायचे, हे ठरत जाते. थोरलीफ श्यल्डरुप-एब्बे या नॉर्वेच्या प्राणिशास्त्रज्ञाने 1922 मध्ये कोंबड्यांच्या या उतरंडीविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. कोण कोणाला चोच मारते आणि कोण उलटून मारत नाही, एवढीच नोंद नेटाने ठेवली तरी सबंध कळपाची रचना उलगडते, हे त्यातून दिसले. मीही एका वहीत तशीच नोंद ठेवू लागले. नरांची उतरंड माद्यांच्या उतरंडीपासून वेगळी असते, म्हणून दाणे टाकण्याच्या वेळी मी फक्त पाच नरांकडे पाहत असे. थोरला सर्वांच्या वर होता हे उघड होते. चार भावांमध्ये तांबडा सर्वांत वरचढ होता, ठिपक्या आणि पांढरा मधल्या पायऱ्यांवर होते, आणि करडा पिल्लू असल्यापासून कोणाच्याही वाटेतून मुकाट बाजूला होत असे.

या वहीमुळे दरारा आणि झुंज यांतला फरक मला नीट ओळखता येऊ लागला. कोंबडा एक पंख जमिनीपर्यंत पाडून समोरच्याभोवती तिरका चालतो, मानेची पिसे थोडी फुलवतो, एखादी चोच मारतो. समोरचा मान खाली घालून दूर झाला की विषय संपतो. असे दिवसातून कितीही वेळा घडले तरी माणसाने मध्ये पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण निकाल लागू दिला नाही तर तेच भांडण संध्याकाळी पुन्हा उभे राहते. चिंतेची लक्षणे वेगळी असतात. दोघेही मानेची पिसे पूर्ण फुलवून, डोकी एकाच उंचीवर धरून, नजर न हटवता उभे राहतात आणि पहिल्या उडीनंतर कोणीच मागे सरत नाही, हा धोक्याचा एक प्रकार. एक जण हरून पळतो आणि जिंकलेला पाठलाग सोडतच नाही, हा दुसरा. यांतला दुसरा प्रकार दिसायला सौम्य वाटतो, कारण त्यात उड्या नसतात आणि आवाजही फारसा नसतो. पण गंभीर जखमा मी पाहिल्या त्या त्यातच.

याचे कारण कोंबड्यांच्या मूळ स्वभावात आहे. परसातल्या कोंबड्यांचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. जंगलात दोन नर भिडले आणि एक हरला, तर तो झाडीत निघून जातो, जिंकणाऱ्याच्या नजरेआड होतो आणि भांडण तेथेच थांबते. कुंपणाच्या आत हरलेल्याला निघून जाता येत नाही. तो कोपऱ्यात तोंड खुपसून उभा राहतो, पाठ उघडी पडते, आणि जिंकलेला कोंबडा त्याच्या डोक्यावर व मानेवर टोचत राहतो, कारण त्याच्या दृष्टीने प्रतिस्पर्धी अजून समोरच उभा असतो. कोंबड्यांच्या व्यवहारात माघार घेणे म्हणजे अंतर वाढवणे. अंतर वाढवता आले नाही तर घेतलेली माघार समोरच्यापर्यंत पोहोचत नाही. हे लक्षात आल्यापासून मी कोणत्याही कोंबड्याचा स्वभाव बदलण्याच्या मागे लागले नाही. हरणाऱ्याला दूर जायला जागा मिळवून देणे, एवढेच काम मी पुढे वेगवेगळ्या रीतींनी करत राहिले.

तरुण नर सहा महिन्यांच्या आसपास आले तेव्हा दिवस मोठे होत चालले होते. उजेडाचे तास वाढले की कोंबड्यांच्या अंगातली नर संप्रेरके वाढतात, तुरे भरतात, आरवणे वाढते आणि झुंजीही वाढतात. तांबड्याने थोरल्याला आव्हान दिले ते याच सुमारास. आधी दोघे खुराड्याच्या दाराशी माना खालीवर करत उभे राहिले, मग दोघांनी एकदमच उडी घेतली, पाय पुढे करून एकमेकांच्या छातीवर आदळले आणि खाली येताच पुन्हा उडाले. थोरला वयाने मोठा असल्यामुळे त्याच्या पायामागचे काटे लांब होते, पण तांबड्याचा दम अधिक टिकला. थोरल्याच्या तुऱ्यातून रक्त येऊ लागले आणि तो कुंपणाच्या कोपऱ्यात शिरला. झुंजणाऱ्या कोंबड्यांच्या मध्ये हात घालायचा नाही, हा नियम मी आधीपासून पाळत आले आहे. काटा मनगटात घुसला तर जखम खोल होते आणि पिकण्याची भीती असते. दारापाशी एक रुंद हलकी फळी नेहमी टेकवून ठेवलेली असते. ती दोघांच्या मध्ये सरकवली, तांबड्यावर जुनी चादर टाकली आणि डोळ्यांसमोर अंधार होताच तो शांत झाला. मग त्याला उचलून डालग्याखाली डालले आणि थोरल्याकडे वळले.

तुऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे लहानशा जखमेतूनही डोके रक्ताने माखते आणि पाहणारा घाबरून जातो. स्वच्छ कापड काही मिनिटे दाबून धरल्यावर रक्त थांबले. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ विरघळवून त्याने जखमा धुतल्या आणि पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन लावले, डोळ्यांत जाऊ न देता. यानंतरचे काम बरेच जण सोडून देतात, म्हणून ते मुद्दाम सांगते. मानेवरची, छातीवरची आणि पंखांखालची पिसे बोटांनी उलट दिशेने सारून कातडी तपासावी लागते, कारण काट्याची जखम वरून दिसत नाही. ती पिसांखाली मसुराएवढे भोक असते आणि आत खोल गेलेली असते. थोरल्याच्या उजव्या पंखाखाली असे एक भोक सापडले. त्याच्यासाठी पशुवैद्याकडे जावे लागले आणि प्रतिजैविक त्यांच्याच सांगण्यावरून दिले. एक पापणी सुजून बंद झाली होती, पण खाली बुबुळ शाबूत होते. जखमी पक्ष्याला पहिल्या रात्री ऊब, अंधार, शांतता आणि चोचीजवळ पाणी लागते. धक्क्यातून सावरलेला नसताना त्याला खायला लावण्याचा आग्रह धरू नये. रक्ताचे डाग असलेला पक्षी कळपात तसाच सोडला तर माद्याही लाल रंगाकडे पाहून टोचायला येतात, म्हणून जखम पूर्ण सुकेपर्यंत वेगळे ठेवण्याला पर्याय नाही.

मात्र वेगळे ठेवण्याचीही किंमत असते. कळपातून बाहेर गेलेल्या पक्ष्याची पायरी रिकामी होते आणि ती लगेच भरली जाते. शिवाय कोंबड्या एकमेकांना प्रामुख्याने डोके, मान आणि तुरा यांवरून ओळखतात. 1953 मध्ये गुल आणि ऑर्टमन यांनी कोंबड्यांच्या रूपात बदल करून केलेल्या प्रयोगांत शरीराच्या या भागातले बदल ओळख बिघडवण्यास सर्वाधिक कारणीभूत ठरले होते. थोरल्याचा तुरा आता एका बाजूला काळवंडलेला, सुजलेला आणि दोन टोके गमावलेला होता. तो परत गेला असता तर कळपाने त्याच्याकडे अनोळखी कोंबडा म्हणूनच पाहिले असते. म्हणून त्याला घराच्या आत किंवा दूर न ठेवता मी कळपाच्याच आवारात जाळीच्या एका कप्प्यात ठेवले, म्हणजे सगळ्यांना तो रोज दिसेल, आवाज ऐकू येईल, पण स्पर्श होणार नाही.

या जाळीबाबत एक बारीक गोष्ट फार उपयोगाची ठरली. कोंबडे जाळीतूनही झुंजतात. चोच आणि तुरा जाळीवर घासून नव्या जखमा करून घेतात. त्यामुळे कप्प्याच्या खालच्या भागाला साधारण दोन फूट उंचीपर्यंत मी प्लायवूड लावले आणि फक्त वरचा भाग मोकळा ठेवला. जमिनीवर समोरासमोर उभे राहिले की ते एकमेकांना दिसत नसत, दांडीवर बसले की दिसत. जे सुरुवातीला सतत येरझाऱ्या घालत होते ते हळूहळू आपापल्या दाण्यांकडे लक्ष देऊ लागले. कप्प्याच्या दोन्ही बाजूंना लागूनच दाणे टाकायचे, म्हणजे एकमेकांजवळ असताना दोघांनाही खाण्याचेच काम असते, ही पद्धतही मी रोज पाळली.

त्याच काळात आवाराची रचना बदलली, आणि झुंजी कमी होण्याचे सर्वांत मोठे श्रेय मी या बदलाला देते. मोकळे, सपाट, सर्व बाजूंनी नजर पोहोचणारे आवार माणसाला नीटनेटके वाटते, पण हरलेल्या कोंबड्यासाठी ते फार वाईट. मी जुन्या फळ्या उभ्या करून ठिकठिकाणी आडोसे केले, तोडलेल्या फांद्यांचे ढीग रचले, बसायच्या दांड्या वेगवेगळ्या उंचीवर बसवल्या. प्रत्येक आडोशाला दोन्ही बाजूंनी वाट ठेवली. ज्या जागेत शिरता येते पण दुसरीकडून बाहेर पडता येत नाही, अशी एकही जागा ठेवायची नाही, हे सूत्र धरून कुंपणाचे चारही कोपरे तिरप्या फळ्या लावून बंद केले. दाणे आणि पाणी एका ठिकाणी न ठेवता एकमेकांपासून न दिसणाऱ्या तीन ठिकाणी ठेवले, कारण एका भांड्यावर ताबा ठेवणे कोंबड्याला जमते, पण फळीआडच्या भांड्यावर नजर ठेवणे जमत नाही. काही दिवसांतच पाठलागाचे स्वरूप बदलले. पाठलाग सुरू होत होते, पण पळणारा फळीमागे गेला की पाठलाग करणारा दोन पावले पुढे येऊन थांबत असे आणि जमीन उकरू लागत असे.

पहाटेच्या बांगेचा मला या सर्व प्रकरणात अनपेक्षित उपयोग झाला. जपानी संशोधकांनी 2015 मध्ये असे दाखवले की एकत्र राहणाऱ्या नरांमध्ये उतरंडीत सर्वांत वरचा कोंबडा पहाटे प्रथम आरवतो आणि बाकीचे आपापल्या पायरीच्या क्रमाने त्याच्यामागून आरवतात. वरचा काढून घेतला तर दुसरा सुरुवात करतो. पाचही जणांचे आवाज मला वेगळे ओळखता येत होते. झुंजीपूर्वी थोरल्याची जाड, लांबवलेली बांग आधी येत असे. तो कप्प्यात असताना तांबड्याची चिरकी, आखूड बांग आधी येऊ लागली आणि थोरला मागून आरवू लागला. एकमेकांना हात न लावता त्यांचा निकाल लागलेला होता. जाळी काढण्याआधी हे समजणे महत्त्वाचे होते, कारण दोघेही आपणच वर आहोत असे समजत असताना एकत्र सोडणे धोक्याचे असते.

एका रात्री सगळे दांडीवर बसल्यावर थोरल्याला त्यांच्यात नेऊन ठेवले आणि सकाळी उजाडण्याआधी फळी घेऊन आवारात जाऊन उभी राहिले. थोरल्याने तांबड्याला पाहताच मान खाली घातली आणि तो फांद्यांच्या ढिगामागे निघून गेला. माघार अगदी स्पष्ट होती. तरीही तांबडा थांबला नाही. आडोशाला वळसा घालून तो मागे जात राहिला, दुसऱ्या बाजूने गाठत राहिला, आणि दुपारपर्यंत हेच चालू राहिल्यावर मी त्याला बाजूला काढले. आडोसे बहुतेक कोंबड्यांसाठी पुरेसे असतात. काही थोड्यांसाठी नसतात, आणि अशा कोंबड्याला कळपात ठेवण्याचा हट्ट धरला तर रोज कोणीतरी रक्तबंबाळ होणार हे मान्य करावे लागते.

मग कळपात कोणता नर ठेवायचा हे नव्याने ठरवावे लागले. झुंज जिंकणारा नर कळपासाठी चांगला असतो, हा समज मला पटत नाही. मी वहीत वेगळ्याच गोष्टी पाहिल्या. दाणा सापडल्यावर कोण तो चोचीत उचलून, खाली टाकून, विशिष्ट आवाज काढत माद्यांना बोलावतो. आकाशात घार दिसली की कोण आधी इशारा देतो. मादी बाजूला झाल्यावर कोण तिला सोडून देतो आणि कोण मानेची पिसे धरून ओढतो. माद्यांच्या पाठींकडे पाहिले तरी बरेच कळते. नर जास्त झाले की लाडक्या दोन-तीन माद्यांच्या पाठीवरची आणि डोक्यामागची पिसे गळून कातडी उघडी पडते, आणि आमच्याकडे तेच झाले होते. त्या माद्यांना जाड कापडाची झूल पाठीवर बांधावी लागली, पिसे पुन्हा येईपर्यंत. या सर्व निकषांवर थोरला उजवा ठरला आणि त्याच्या हाताखाली करडा चालण्यासारखा होता, कारण त्याने कोणालाही कधी आव्हान दिले नव्हते.

तांबडा, ठिपक्या आणि पांढरा यांच्यासाठी परसाच्या दुसऱ्या टोकाला फक्त नरांचे आवार केले. केवळ नर एकत्र ठेवले तर ते एकमेकांचा जीव घेतील, अशी भीती मला अनेकांनी घातली होती. प्रत्यक्षात माद्या नजरेआड असतील तर एकत्र वाढलेले नर बहुतेक वेळा निभावून नेतात. जर्मनीतल्या गटिंगन येथे अर्नोल्ड बर्टहोल्ड या शास्त्रज्ञाने 1849 मध्ये कोंबड्यांवर एक प्रसिद्ध प्रयोग केला होता. वृषण काढलेल्या तरुण कोंबड्यांचे तुरे फिके राहिले, आरवणे आणि झुंजणे थांबले. ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसवले ते मात्र इतर कोंबड्यांसारखेच आरवले आणि झुंजले. म्हणजे झुंजीची ऊर्मी शरीरातून येते आणि ती आवार बदलल्याने नाहीशी होत नाही. पण ती कशावर खर्च व्हावी याचे निमित्त काढून घेता येते. खच्चीकरणाचा विचार मी केला नाही. कोंबड्याचे वृषण पोटात, कण्याजवळ असतात, आणि ती शस्त्रक्रिया भूल दिल्याशिवाय करणे क्रूरपणाचे आहे.

तिघांना एकाच रात्री, एकाच वेळी नव्या आवारात नेले, म्हणजे ती जागा कोणाच्याही मालकीची नव्हती. पहिल्या दिवशी थोड्या उड्या झाल्या, तांबडा वर राहिला, आणि त्यानंतर रक्त दिसले नाही. येथे एकच नियम कसोशीने पाळते: नरांच्या आवारातून कोणालाही थोड्या वेळासाठी माद्यांकडे नेऊन परत आणायचे नाही. पुढे ठिपक्याला एका ओळखीच्या कळपात जागा मिळाली, जेथे नर नव्हता. तेथेही त्याला आधी महिनाभर वेगळे ठेवून आजार नसल्याची खात्री करून घेतली गेली. त्याला परत घेण्याची वेळ आली तर तो अनोळखी नर म्हणूनच येईल, हे दोन्ही बाजूंनी आधीच बोलून ठेवले आहे.

थोरल्याच्या काट्यांचे काम राहिले होते. काट्याच्या वरचे कवच नखासारखे असते आणि आत जिवंत हाड असते, त्यात रक्तवाहिन्या असतात. म्हणून काटा मुळाशी कापणे चुकीचे आहे. रात्री तो पेंगुळलेला असताना टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेते, एक पाय हातात धरते आणि कानशीने फक्त टोक गोल करते. बोटाच्या पेराला टोचेनासे झाले की थांबते. थोडेसे रक्त आलेच तर दाबण्यासाठी कॉर्नफ्लोअर हाताशी ठेवलेले असते. वर्षातून काही वेळा हे करावे लागते, आणि माद्यांच्या कुशीवर पडणारे ओरखडेही त्यामुळे कमी झाले.

सध्या थोरला आणि करडा माद्यांसोबत आहेत. करडा आपला दिवस आवाराच्या दूरच्या भागात काढतो, थोरला दाण्यावर आला की बाजूला होतो, आणि थोरला त्याच्यामागे जात नाही. पण करडा अजून वाढतो आहे, त्याचे काटे लांबू लागले आहेत आणि उजेडाचे दिवस पुन्हा वाढत आहेत. प्लायवूडच्या कप्प्याची चौकट म्हणूनच मी मोडलेली नाही. तिचे दार तेवढे उघडे ठेवले आहे. रोज पहाटे आधी कोणाची बांग येते ते ऐकते आणि वहीत लिहिते. करड्याची बांग थोरल्याच्या आधी येऊ लागली, तर त्याच दिवशी दोघांमध्ये कप्प्याची जाळी घालायची आणि पुढचा निकाल जाळीतूनच लागू द्यायचा, असे ठरवले आहे.